गेमचे मोफत कोड वाटून प्रामाणिक अभिप्राय मिळवायचे कसे?

गंगावेस_कट्टा

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून कुस्तीचा मोबाइल गेम केलाय. लाल माती, हलगी, सलामी, खडाखडी आणि बोट ओढून मारायचे डाव : पट, ढाक, कलाजंग, धोबीपछाड. गेम प्ले स्टोअरवर आहे. थोडी किंमत ठेवलीय, आत जाहिराती नाहीत. डाव ऐन रंगात आल्यावर मधेच साबणाची जाहिरात यावी हे आम्हाला दोघांनाही नको होतं.

अडचण अशी की पानावर अभिप्राय जवळजवळ नाहीतच. जो येतो तो चित्रं बघतो, खाली सरकतो, काही लिहिलेलं दिसत नाही, निघून जातो. फुकटचा गेम लोक सहज उतरवून बघतात, पण पैसे मोजायचे म्हटलं की आधी कुणीतरी खेळून काय म्हणतंय ते बघतात. त्यात काही चूक नाही, मीही तसंच करतो.

गूगल दर तिमाहीला एका ॲपमागं ५०० प्रोमो कोड, म्हणजे विकतचा गेम फुकट उतरवायचे कोड, देतं. उरलेले पुढच्या तिमाहीत जात नाहीत. म्हणजे कोड भरपूर आहेत, प्रश्न आहे ते कुणाला द्यायचे, देताना काय म्हणायचं, आणि त्यातून खरे, कामाचे अभिप्राय कसे यायचे. विकतचे अभिप्राय घ्यायचे नाहीत हे आमचं पक्कं ठरलंय, त्यावर चर्चा नको. इन्स्टावर रोज मेसेज येतात, 'इतक्या रुपयांत इतके पाच तारे'. ते आम्ही उघडतसुद्धा नाही.

इथं गेम किंवा ॲप केलेली मंडळी असतील तर अनुभव सांगा. आणि नुसतं गेम खेळणारे असाल तरी बोला, मला तुमचंच जास्त ऐकायचंय.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

दादा, आधी अभिनंदन. आपल्याकडचं कुणीतरी हलगी वाजवून गेम काढतंय हे वाचूनच बरं वाटलं.

आता नियम. कोड देणं वेगळं आणि अभिप्राय मागणं वेगळं. दोन्ही एका वाक्यात बांधले की अडचण सुरू. 'कोड घ्या आणि पाच तारे द्या' हे तर चालतच नाही, पण 'कोड घ्या आणि अभिप्राय द्या' हेसुद्धा मोबदला देऊन मागितलेलं ठरतं. रेटिंग आणि अभिप्रायांबद्दलच्या गूगलच्या धोरणात आमिष दाखवून मिळवलेलं रेटिंग स्पष्टपणे मना आहे. ॲपलच्या नियमावलीतही पैसे देऊन, आमिष दाखवून किंवा गाळून घेतलेल्या अभिप्रायांबद्दल तसंच लिहिलंय. 'गाळून' हा शब्द बारकाईनं वाचा. आधी 'गेम आवडला का?' विचारायचं, हो म्हणणाऱ्याला स्टोअरकडं आणि नाही म्हणणाऱ्याला आपल्या ईमेलकडं पाठवायचं, ही पद्धत बरीच जण वापरतात. तीही यातच मोडते.

गेमच्या आत तारे मागायची गूगलची स्वतःची खिडकी आहे. ती दाखवण्याआधी किंवा दाखवताना असा कुठलाही प्रश्न विचारायचा नाही, असं त्यांनी लिहूनच ठेवलंय. खिडकी सारखी सारखी दाखवायचा प्रयत्न केलात तर ती दिसणारच नाही, गूगल त्यावर मर्यादा ठेवतं. ॲपलकडं तर एका माणसाला ३६५ दिवसांत जास्तीत जास्त तीनदा.

पेठेतला_गोलकीपर

ताई, मग कोड वाटायचे कशाला? अभिप्राय मागायचाच नसेल तर फुकट गेम वाटल्यासारखंच झालं की.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

गोलकीपर, मागायचाच नाही असं नाही. अट घालायची नाही. गेमच्या आत ती खिडकी येते ती सगळ्यांनाच येते, विकत घेणाऱ्याला आणि कोडवाल्यालाही. त्यात काही गैर नाही. कोड देताना त्याच्याशी सौदा करायचा नाही एवढंच.

आणि ॲपलवर तर कोड वाटून पानावरचे अभिप्राय वाढवायचा विचारच सोडून द्या. प्रोमो कोडनं घेतलेल्या ॲपला तिथं रेटिंग किंवा अभिप्राय देताच येत नाही. एका आवृत्तीमागं १०० कोड मिळतात आणि मागितल्यापासून २८ दिवसांत वापरावे लागतात. ते लेखक, चॅनेलवाले, ओळखीचे जाणकार यांच्यासाठी ठेवायचे.

उद्यमनगरचा_लेथ

मी गेमवाला नाही, आमचं फौंड्रीचं आणि मशिनिंगचं काम आहे. पण विषय ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. आम्ही नव्या गिऱ्हाइकाला कास्टिंगचा नमुना पाठवतो तो फुकटच असतो. त्याच्याकडून 'माल उत्तम आहे' असं लिहून मागत नाही. ब्लोहोल (ओतकामात हवेनं पडलेलं भोक) कुठं आलं, माप कुठं सरकलं, फिनिश कसं वाटलं एवढं विचारतो. त्याची रिजेक्शनची चिठ्ठी आली की ती दुकानातल्या प्रत्येक पोराला वाचायला लावतो. ऑर्डर त्याच्यानंतर येते. तुमचे कोड म्हणजे नमुने आहेत असं समजून वाटा. जो माल चालवून बघणार आहे त्यालाच द्या.

गंगावेस_कट्टा

लेथ काका, हे पटलं. आम्ही जरा तसंच केलंय, ते सांगतो.

थोडे कोड तालमीतल्या पोरांना दिले. अट काही नव्हती. म्हटलं, 'खेळा, आणि जिथं चुकलंय असं वाटेल तिथं मला शिव्या घाला.' पोरं मेहनत करून, आंघोळ करून, थंडाई पिऊन कट्ट्यावर बसली आणि फोन काढले. मी शेजारी बसून नुसती बोटं बघत होतो. एकाचा फोन कडेला तडकलेला होता. तो पट काढायला अंगठा अगदी कडेपासून आत ओढायचा, आणि नव्या अँड्रॉइडमधलं कडेवरून मागं जायचं जेश्चर लागू व्हायचं. ऐन पकडीत गेम मागं! आमच्या टेबलावरच्या फोनवर हे कधी दिसलंच नसतं, कारण आम्ही दोघंही बोट पडद्याच्या मधूनच ओढतो. आता कडेची तेवढी जागा जेश्चरमधून वगळून घेतलीय.

हे स्टोअरच्या पानावर कुणीतरी 'सारखा बंद पडतो, एक तारा' असं लिहिलं असतं तर मला कारणच कळलं नसतं.

मातीतला_गडी

त्या पोरांतला मी एक. धागा वाचला म्हणून खातं काढलं.

गेम भारी आहे, पण दोन गोष्टी दादांना तोंडावर सांगितल्यात त्या इथंबी सांगतो. एक, सलामी झाली की लगीच पट लागतो. आसं कुठं आसतंय? खडाखडी व्हायला पाहिजे, गड्याचा अंदाज घ्यायला पाहिजे, मनगट धरून बघायला पाहिजे. दोन, धोबीपछाड. समोरच्याचा हात आपल्या खांद्यावर घ्यायचा, पाठ त्याच्याकडं करून आत शिरायचं, मग वाकून फेकायचं. ह्यांचा गडी समोरासमोर उभा राहूनच फेकतोय. आमच्या वस्तादांनी बघितलं तर म्हणतील ही धोबीपछाडच न्हवं.

आन् एक सांगतो. मला 'चांगलं लिही' म्हटलं आसतं तर मी लिहिलं आसतं, दादा ओळखीचे आहेत. पण मग हे बोललो नसतो. चांगलं लिहून वर तक्रार कशी करायची?

पंचगंगेकाठी

मातीतला_गडी, शेवटचा मुद्दा लाखमोलाचा.

मी फक्त खेळणारी. माझं सांगते. एकदा एका गेमचा कोड मिळाला होता, सोबत 'पाच तारे दिल्याचा स्क्रीनशॉट पाठवा' असा मेसेज. मी गेम उतरवलासुद्धा नाही. ज्याला स्क्रीनशॉट हवाय त्याला मी गेम खेळले की नाही याच्याशी देणंघेणं नाही, हे लगेच कळतं. उलट गेममध्ये रमले असेन आणि तेवढ्यात ती छोटी खिडकी आली, तर मी दोन ओळी आनंदानं लिहिते. म्हणून खिडकी कधी येते हे महत्त्वाचं. कुस्ती हरल्यावर आणू नका, आणि पहिल्या पाच मिनिटांतही नको. एखादं मैदान मारल्यावर, गदा मिळाल्यावर आणा.

विद्यापीठ_रोड

मी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझाही छोटा गेम चालू आहे. माझा प्रश्न जरा वेगळा. टेलिग्रामवर बरेच ग्रुप आहेत, 'तू माझं ॲप उतरव, रेटिंग दे. मी तुझं करतो'. पैशांचा व्यवहार नाही, सगळे नवखेच असतात. हे चालतं का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

नाही. पैसे नसले तरी देवाणघेवाण आहेच. गूगलला असे नमुने ओळखू येतात. तेच तेच लोक एकमेकांच्या ॲपला तारे देतात, एक मिनिट उघडून पुसून टाकतात. अभिप्राय काढून टाकले जातात, प्रकरण वाढलं तर ॲप आणि खातंही जाऊ शकतं. नवख्याचं खातं गेलं की नवं काढणं सोपं नसतं.

त्यातला एक भाग मात्र वेगळा आहे, तो गोंधळू नकोस. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या गूगलच्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी बंद चाचणी, म्हणजे निवडक लोकांनाच गेम देऊन चाचणी, घ्यावी लागते. सुरुवातीला २० जण हवे होते, डिसेंबर २०२४ पासून १२ जण, सलग १४ दिवस. त्यासाठी माणसं शोधणं यात गैर काही नाही, गूगलच सांगतं. पण या परीक्षकांचं म्हणणं फक्त तुझ्यापर्यंत येतं, पानावर दिसत नाही. म्हणून चाचणीचे दिवस हेच मोकळेपणानं टीका ऐकायचे दिवस. चाचणीसाठी कॉलेजची १२ पोरं गोळा करताना जरा वेगवेगळ्या फोनवाली घे. सगळ्यांकडे एकाच कंपनीचा नवा फोन असेल तर निम्मं काही कळणार नाही.

पुण्यातली_कोल्हापूरकरीण

माझ्या ओळखीतले कोल्हापूरचे बरेच जण अमेरिका, जर्मनीला आहेत. कोड दिलेत तर सगळे घेतील. पाठवू का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

पाठवा की, खेळायला मिळू दे त्यांना. पण त्यानं इथल्या पानावरचा आकडा हलेल असं समजू नका. नोव्हेंबर २०२१ पासून फोनवर प्ले स्टोअर ज्या त्या देशातल्या लोकांनी दिलेलं रेटिंग दाखवतं. शिकागोतल्या कोल्हापूरकरानं दिलेले तारे इचलकरंजीतल्या माणसाला दिसणाऱ्या सरासरीत धरले जात नाहीत. शिवाय २०१९ पासून ताज्या रेटिंगला जास्त वजन आहे. म्हणून कोड एकदम उधळू नका, गेममध्ये मोठी सुधारणा झाली की त्या त्या वेळी थोडे थोडे द्या. जुन्या खोडीबद्दलची तक्रार हळूहळू मागं पडते.

पुण्यातली_कोल्हापूरकरीण

हे माहीतच नव्हतं. मग तिकडच्यांना गेम नुसता खेळायला आणि आपल्याकडच्यांना दाखवायला देते.

महाद्वार_रोड

यूट्यूबवाल्यांबद्दल कुणी बोललं नाही. आपल्याकडं रांगड्या भाषेत व्हिडिओ करणारी बरीच पोरं आहेत. एकानं गेम खेळून दाखवला तर शेकडो जणांपर्यंत पोचेल. त्याला कोड दिला तर तेही आमिषच का?

पुण्यातली_कोल्हापूरकरीण

यावर मी सांगू शकते, माझं काम जाहिरात क्षेत्रातलं आहे. कोड द्यायला हरकत नाही, पण त्यानं व्हिडिओत सांगायला हवं की गेम फुकट मिळालाय. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं समाजमाध्यमांवरच्या शिफारशींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात फक्त पैसे नाहीत, फुकट मिळालेली वस्तूही धरलीय. ते सांगणं ठळक आणि समजेल अशा भाषेत हवं. ढीगभर हॅशटॅगच्या तळाशी लपवलेलं चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. छोट्या गेमवाल्यावर कुणी लगेच येणार नाही असं मनात येईल, पण एक ओळ बोलायला काय जातं? 'हा गेम मला बनवणाऱ्यांनी फुकट दिला, पण मत माझं आहे' एवढं म्हटलं की बघणाऱ्याचा विश्वास वाढतोच.

आणि त्याला काय बोलायचं हे लिहून देऊ नका. व्हिडिओ आधी दाखव म्हणूनही मागू नका.

विद्यापीठ_रोड

मी पीसीवरही गेम टाकायचा विचार करतोय म्हणून वाचत होतो. स्टीम या पीसी गेमच्या दुकानानं २०१६ पासूनच फुकट मिळालेल्या कोडवरचे (तिथं त्याला 'की' म्हणतात) अभिप्राय एकूण गुणांत धरायचं बंद केलंय. लिहिता येतं, वाचता येतं, पण बेरजेत नाही. म्हणजे सगळीकडं वारं एकाच दिशेनं आहे.

पेठेतला_गोलकीपर

मला आता एक व्यावहारिक अडचण सांगायची आहे. माझ्या चुलत्यांना कोड आला होता एका ॲपचा, त्यांना तो कुठं टाकायचा तेच कळेना. मेसेजमधला कोड त्यांनी गेमच्या नावाच्या रकान्यात टाकून शोधला.

गंगावेस_कट्टा

गोलकीपर भावा, हे महत्त्वाचं. आम्ही आता कोडसोबत रस्ताही लिहून देतो. प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', मग 'रिडीम कोड'. हाच रस्ता स्क्रीनशॉटवर बाण काढून पाठवला की कुणाचा फोन येत नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

यात एक तांत्रिक भर. तुमचा गेमच विकतचा आहे म्हणून सोपं आहे. ज्यांचा गेम फुकट आणि 'पूर्ण आवृत्ती' आत विकत आहे, त्यांचा कोड लोक स्टोअरमध्ये वापरतात, गेममध्ये नाही. म्हणजे खरेदी गेमच्या बाहेर झाली. गेम पुन्हा समोर आला की खरेद्यांची यादी नव्यानं तपासायला हवी, नाहीतर कोड वापरूनही कुलूप उघडत नाही आणि पहिलाच अभिप्राय 'फसवणूक' म्हणून येतो. विद्यापीठ_रोड, हे तुझ्यासाठी.

पंचगंगेकाठी

मेसेज नेमका कसा लिहिलात ते टाका ना इथं. बाकीच्यांना उपयोग होईल.

गंगावेस_कट्टा

हा घ्या :

'नमस्कार. आम्ही कुस्तीचा गेम केलाय. तुम्ही कुस्ती बघता किंवा खेळता म्हणून हा मोफत कोड पाठवतोय. बदल्यात काही करायचं बंधन नाही. वेळ मिळाला तर खेळा. कुठं अडलात, कुठं कंटाळा आला, कुठला डाव खोटा वाटला, हे याच नंबरवर बोलून किंवा लिहून कळवलंत तर आम्हाला फार मदत होईल. फोन कुठला आहे तेही सांगा.'

'स्टोअरवर लिहा' हे वाक्य मुद्दाम ठेवलं नाही. बरेच जण व्हॉइस मेसेज पाठवतात आणि तो लिहिलेल्यापेक्षा जास्त सांगून जातो. माणूस चिडलाय की नुसतं सुचवतोय हे आवाजावरून कळतं. एका वस्तादांनी तर फडातली हलगी आणि मिरवणुकीतली हलगी यांतला फरक तोंडानं वाजवून दाखवला. आमचा ठेका मिरवणुकीचा होता. तो बदलतोय.

उद्यमनगरचा_लेथ

आणि जे स्टोअरवर वाईट लिहितील त्यांचं काय करता?

गंगावेस_कट्टा

काका, प्रत्येकाला उत्तर देतो. तिथं उत्तराला ३५० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळं गोल गोल बोलायला जागाच नसते. चूक आमची असेल तर कधी दुरुस्त होईल ते लिहितो, आणि दुरुस्ती गेल्यावर उत्तर बदलून पुन्हा लिहितो. लिहिणाऱ्याला त्याची सूचना जाते. त्याला वाटलं तर तो आपले तारे बदलू शकतो. पण 'तारे वाढवा' असं आम्ही म्हणत नाही. ज्यानं स्वतःचे पैसे देऊन गेम घेतला आणि वर वेळ काढून तक्रार लिहिली, त्याचं आधी ऐकायला पाहिजे. आपल्याकडं खासबाग कुस्ती मैदानात पब्लिक तिकीट काढून येतं, कुस्ती जोडीची नसली तर आरडाओरडा करतं, आणि चांगली झाली तर त्याच पब्लिकमधून बक्षिसाच्या नोटा येतात. मला आमच्या पानावर असंच पब्लिक हवंय.

मातीतला_गडी

दादा, खडाखडी कधी येणार?

गंगावेस_कट्टा

पुढच्या आवृत्तीत. मनगटाची पकड मावसभावानं बसवलीय. धोबीपछाडीला वेळ लागेल, गडी पाठ फिरवताना मधेच हात खांद्यातून आरपार जातोय. तुझा डाव मारतानाचा व्हिडिओ बाजूनं आणि मागून असा दोन्हीकडून काढून मिळेल का? हळू वेगात.

बाकी मंडळींनो, सर्वांचे आभार. आता ठरवलंय ते असं. पुढची आवृत्ती आली की कोड तालमी, कुस्ती मैदानांना जाणारे प्रेक्षक आणि गावाकडचे जुने पैलवान यांना थोडे थोडे देणार. गेममधली खिडकी पंचगंगेकाठी ताईंनी सांगितल्याप्रमाणे गदा मिळाल्यावर येईल, सगळ्यांना सारखीच. ज्यांना इथून कोड हवा त्यांनी व्यक्तिगत निरोप करा. फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिहा. कमी रॅमवाले जुने फोन असतील तर आधी तुम्हाला.

मातीतला_गडी

व्हिडिओ रविवारी सकाळी काढतो. वस्ताद आसतात तेव्हाच काढू, म्हंजे डाव चुकला तर तिथंच सांगतील.

महाद्वार_रोड

माझ्या वडिलांकडे जुना फोन आहे, अँड्रॉइड ९, रॅम २ जीबी. ते शाहूपुरी तालमीत होते तरुणपणी. निरोप करतोय.

गंगावेस_कट्टा

कोड पाठवला. वडिलांना म्हणावं खेळून झालं की थेट फोनच करा, रात्री नऊनंतर केव्हाही.